आपल्याकडे असं नावच नाही म्हणतेस?

कसाल,
गणपती पोचवल्यानंतरचा रविवार

प्रिय बाय,



तुझा लांबलचक निरोप वाचला. पत्रानं उत्तर देते आहे, कारण फोनवर तू 'हो मावशी, हो मावशी' करून मला गप्प बसवतेस आणि हा विषय गप्प बसण्यासारखा नाही. तुमच्या संस्थेनं ऊर्जाविज्ञानातल्या जीवनगौरव पुरस्कारासाठी नावं मागवली, त्या समितीत तुला घेतलं, याचा आनंद झालाच. शिफारसपत्र कसं लिहितात तेवढंच तू विचारलंस. त्याच्या आधी मात्र सहज लिहून गेलीस की बाकीच्यांनी बेंगळुरूची, मुंबईची नावं दिली, एकानं तर परदेशातलं दिलं, तुलाही आपल्या बाजूचं एखादं द्यावंसं वाटलं, 'पण सिंधुदुर्गात असं नावच नाही'.

हे वाक्य मला फार लागलं गो.

कॉलेजात असताना तू रोज कसाल तिठ्यावर कणकवलीच्या गाडीची वाट बघत उभी असायचीस. कणकवलीत शिरायच्या आधी वागदं लागतं आणि तिथं गोपुरी आश्रम आहे. त्या रस्त्यानं इतकी वर्षं गेलीस आणि आत काय घडलं ते तुला ठाऊक नाही. दोष तुझ्या एकटीचा नाही. ऊर्जा म्हटली की पुस्तकात धरण, कोळसा, अणुभट्टी आणि हल्ली सौर पॅनेल. शेणाच्या वाट्याला 'अपारंपरिक' या मथळ्याखाली चार ओळी येतात. ज्याच्यावर आपल्या घरची भाकरी भाजली गेली, ते अपारंपरिक! शाळेत तो धडा आला की मी पुस्तक मिटून मुलांना सरळ आपल्या परड्यातल्या गोबरगॅसच्या टाकीवर घेऊन यायचे. तू तेव्हा चौथीत असशील, काठावर उभी राहून नाक दाबायचीस.

तर गोपुरी. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजे आपले अप्पासाहेब, जन्म १८९४. गांधींच्या आत्मकथेचं मराठी भाषांतर ज्यांचं आपण वाचतो, तेच हे. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते काम देता येत नाही म्हणून नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्न कमी करत नेलं. ती बातमी येरवड्याला पोचली आणि त्या डिसेंबरात गांधींनीही त्यांच्यासाठी उपास आरंभला. एका माणसाला संडास साफ करू द्यावा म्हणून दोन तुरुंगांत दोन माणसांपैकी एकानं अन्न कमी केलं, दुसऱ्यानं सोडलं. आज तुमच्या वातानुकूलित सभागृहात ही गोष्ट सांगितलीस तर किती जणांना पटेल, मला शंका आहे. तरी सांगच.

१९४८ मध्ये त्यांनी गोपुरी उभी केली. मेलेल्या ढोरांची कातडी कमावण्याचं काम तिथं चाललं, सोपा संडास तयार झाला, आणि माणसाच्या मैल्यापासून जळणाचा वायू मिळवण्याची खटपटही त्यांनी केली. नीट विचार कर. ज्या वस्तूला कुणी शिवू नये म्हणून आपण माणसांची एक अख्खी जात शतकानुशतकं बांधून ठेवली, त्याच वस्तूतून स्वच्छ निळी ज्योत निघते, तिच्यावर चहा उकळतो, आणि मागं राहतं ते खत असतं, हे या कोकणच्या मातीत एका माणसानं मांडून दाखवायला घेतलं. डोक्यावरची टोपली नुसत्या उपदेशानं उतरत नाही, मैल्याला जायला दुसरी वाट करून द्यावी लागते, हे त्यांना कळलं होतं. याला तुम्ही समाजकार्य म्हणाल. म्हणा. पण त्या टाकीत जे चालतं ते सूक्ष्मजीवशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि स्थापत्यही आहे. हवा न लागता जगणारे जंतू आधी मोठ्या रेणूंची आम्लं करतात, मग दुसरे जंतू त्या आम्लांचा मिथेन करतात. पहिल्यांनी घाई केली आणि दुसरे मागं पडले तर टाकी आंबते, गॅस बंद. आपल्या टाकीचा गॅस पहिल्यांदा बंद पडला तेव्हा घरचे ती बुजवायला निघाले होते आणि मी आडवी आले होते, ते तुझ्या आईला विचार. थोडा चुना, थोडं थांबणं, आणि रोजचा घास कमी करणं, एवढ्यावर ती पुन्हा जागी झाली.

अप्पासाहेब १९७१ च्या मार्चमध्ये गेले. त्यांचं काम गोपुरीबरोबर संपलं नाही. सुहास विठ्ठल मापुसकर नावाचे डॉक्टर १९६० च्या सुमाराला देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचं देहू, वारकऱ्यांची एवढी ये-जा, आणि गावात संडास नाहीत. रोगी येत, औषध घेऊन जात, पुन्हा तोच जंत, तोच जुलाब घेऊन परत येत. डॉक्टरांनी संडास बांधायला घेतले. पहिली खेप पावसात ढासळली आणि गावाचा विश्वासही तिच्याबरोबर गेला. तरी ते हटले नाहीत. अप्पासाहेबांकडे जे होतं ते त्यांनी शिकून घेतलं, आणि मैल्यावर चालणारी अप्पासाहेबांची टाकी सुधारून 'मलप्रभा' उभी केली. संडासातून मैला थेट टाकीत, कुणाचा हात लागायचा नाही. आत पुरेसे दिवस मुरला की रोगजंतू बरेचसे मरतात, आणि वर गॅस. जन्म काढला त्यांनी देहूत. २०१५ मध्ये गेले, आणि २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. मरणोत्तर.

तीही 'सामाजिक कार्य' या रकान्यात! पाच वर्षांनी, २०२२ साली, फलटणच्या निंबकर संस्थेत १९८१ पासून ग्रामीण ऊर्जेवर काम करणाऱ्या अनिल राजवंशींना पद्मश्री मिळाली तेव्हा रकाना 'विज्ञान आणि अभियांत्रिकी'चा होता. ते योग्यच झालं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण मापुसकरांची टाकी विज्ञानात का बसली नाही, हा प्रश्न मला अजून छळतो. मैला होता म्हणून? डॉक्टर होते म्हणून? की त्यांचं नाव लिहिताना कुणाला त्या टाकीचं विज्ञान चार परिच्छेदांत मांडावंसंच वाटलं नाही? मला तिसरंच कारण खरं वाटतं. बाय, पुरस्कार ज्याला मिळतो त्याचं काम मोठं असतंच, पण ते समितीपुढं येतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी लेखणीतून. प्राध्यापकाला विद्यार्थी असतात, ते लिहितात. वीज कंपनीच्या अध्यक्षाला कचेरी असते, ती लिहिते. शेणात हात घालणाऱ्याला कोण असतं? म्हणून हे पत्र इतकं लांबतंय.

तुझ्या समितीत कुणी तरी म्हणेलच की बायोगॅस ही काही ऊर्जाविज्ञानातली गंभीर गोष्ट नव्हे. तिथं तू भिऊ नकोस. माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्याच्या गॅसवर दिवे लावले होते, म्हणजे आपल्या मुंबईत ही विद्या सव्वाशे वर्षांची आहे. बेंगळुरूचं नाव ज्यांनी दिलं त्यांना अमूल्य रेड्डींची आठवण दे. विद्युत-रसायनाचा नामवंत प्राध्यापक, १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग काढला. पुरा नावाच्या खेड्यात शेणाच्या गॅसनं आधी चुली पेटवायच्या ठरवल्या. शेण पुरेना. मग त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली, गावाला नळाचं पाणी आणि घरात दिवा दिला. त्यांना २००० साली व्होल्वो पर्यावरण पुरस्कार मिळाला, गोल्डेम्बर्ग, योहान्सन आणि विल्यम्स यांच्याबरोबर. अमेरिकेचे कर्क स्मिथ १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढं बसलेल्या बायका किती धूर गिळतात ते मोजत होते, त्यांना २०१२ चा टायलर पुरस्कार मिळाला. जगानं या कामाला मोठं मानलेलं आहे.

आनंद कर्व्यांचंही तसंच. इरावतीबाईंचा मुलगा म्हणून लोक त्यांना ओळखतात. माझ्या लेखी ते, जंतूंना शेणच का घालायचं असं विचारणारे वनस्पतिशास्त्रज्ञ. गाय जे खाते त्यातलं सत्त्व तिनं आधीच काढून घेतलेलं असतं, मग उरलेला चोथा टाकीत घालून चाळीस दिवस वाट कशाला बघायची? त्यांनी शिळं अन्न, खराब धान्य, पेंड असं पिष्टमय खाद्य लहान टाकीत घातलं आणि दिवसाच्या आत गॅस मिळवला. उसाच्या पाचटाच्या कोळशासाठी २००२ मध्ये आणि या टाकीसाठी २००६ मध्ये त्यांच्या 'आरती' संस्थेला लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात काजूच्या बोंडांचे ढीग कुजत पडतात, फणसाच्या सांदण्या झाल्या की उरलेला चारखंड परड्यात फेकला जातो. हे सगळं टाकीचं खाद्य आहे. एकदम ओतलं तर टाकी आंबवणार, थोडं थोडं दिलं तर चालवणार. यावर आपल्या भागासाठी कुणी तरी बारकाईनं काम करायला हवं. तू का करत नाहीस? असो, हे नंतर.

आता तुझ्या 'आपल्याकडे नाव नाही'चं सरळ उत्तर. कुडाळच्या पुढं झाराप. तिथं भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठान आहे, डॉ. प्रसाद देवधरांचं. पुन्हा एक डॉक्टरच, लक्षात ठेव. औषध लिहून देणारी माणसं शेवटी चुलीपाशी येऊन पोचतात, कारण रोगाचं मूळ तिथं सापडतं. या जिल्ह्यात त्यांच्या पुढाकारानं बायोगॅस बांधले गेले ते हजारोंनी. तू आपल्या बाजूच्या कुठल्याही वाडीत जा, गोठ्याच्या बाजूला जमिनीत गाडलेला घुमट आणि त्यातून स्वयंपाकघराकडं गेलेली नळी तुला दिसेल. देवधर अजून कामात आहेत, जीवनगौरव म्हणायला घाई होईल असं तुम्हाला वाटेल. मला तसं वाटत नाही. मापुसकरांच्या वेळी जो उशीर झाला तो पुन्हा का करायचा? पण नाव कुणाचं द्यायचं ते तू तिथं जाऊन, डोळ्यांनी बघून ठरव. माझ्या पत्रावर विसंबून शिफारस करू नकोस. झारापला जा, गोपुरीला जा, जमलं तर देहूला आणि फलटणलाही जा.

आणि शिफारसपत्रात काय लिहायचं? तुझा मसुदा मी वाचला. 'इतके शोधनिबंध, इतके उल्लेख, इतक्या समित्या.' हे खोडून टाक असं मी म्हणत नाही, पण ते खाली ने. वर हे लिही की दोन घनमीटरच्या टाकीला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, तेवढंच पाणी लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं लागतात, आपली ठेंगणी कोकण कपिला असली तर आणखी जास्त. त्यातून घराचा दोन वेळचा स्वयंपाक निघतो, पंधरवड्याला एक सिलिंडर वाचतो. मग हे लिही की या माणसानं बांधलेल्या टाक्यांपैकी किती, अनुदानाचा पैसा संपल्यावर, फोटो काढून झाल्यावर, पाच आणि दहा आणि पंधरा पावसाळ्यांनंतर चालू आहेत. हा आकडा मिळवायला तुला पायपीट करावी लागेल. कर. ऊर्जाविज्ञानातल्या माणसाचं आयुष्य मोजायचं तर माझ्या मते याच मापानं मोजावं. दिल्लीत प्रयोगशाळेत जळलेली ज्योत आणि सात महिन्यांच्या पोराला कडेवर घेऊन भर आषाढात पेटवलेली ज्योत या दोन्हीत मिथेन तोच असतो. दुसरी पेटती ठेवायला जास्त अक्कल लागते.

आषाढ म्हटल्यावर आठवलं. ओल्या लाकडांचा तो धूर तुझ्या पिढीनं फारसा पाहिला नाही. आमच्या लहानपणी मांगरात भरलेली लाकडंही श्रावणात दमट व्हायची. आई फुंकणीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून बसायची आणि आम्ही बाहेरच्या पडवीत अभ्यास करायचो, कारण आत श्वास घेता येत नसे. ती तिथंच बसलेली असायची, तिला बाहेर यायची सोय नव्हती. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की घरातल्या धुरानं जगात वर्षाला तीसेक लाख माणसं मरतात. आमची आई त्या हिशेबात कधी धरली गेली नसेल. तिच्या दाखल्यावर 'वार्धक्य' लिहिलं होतं.

अजून एक सांगते, आणि यावर तू माझ्याशी वाद घालणार. पुरस्कार एका माणसाला देतात ते ठीक, पण शिफारसपत्रात गवंड्याचा उल्लेख हवाच हवा. दीनबंधू पद्धतीची घुमटाची टाकी १९८४ मध्ये आली, तिला जुन्या टाकीसारखं वरचं लोखंडी ड्रम नसतं. खारी हवा आणि पाऊस यांत ते ड्रम गंजून चाळण व्हायचं, म्हणून घुमटाची टाकी कोकणाला वरदानच ठरली. पण ड्रम कारखान्यात होतं, घुमट गवंड्याच्या हातात. केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निसटतो. आपली दुसरी टाकी ज्यांनी बांधली ते मिस्त्री आत उतरून सिमेंटचे पातळ थर एकावर एक द्यायचे, मधे कुणाला बोलू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "बाई, घुमटाक चीर गेली तर गॅस जाता, आणि गॅस गेलो की गवंड्याचा नाव जाता." त्या माणसानं अख्ख्या पंचक्रोशीत टाक्या बांधल्या. त्यांच्याकडं ना प्रमाणपत्र, ना फोटो. विज्ञान त्यांच्या बोटांत होतं. तुमच्या अर्जात 'सहकारी' असा रकाना असेल तर त्यात प्राध्यापकांची नावं भरून मोकळी होऊ नकोस. त्या-त्या भागातल्या गवंड्यांची नावं विचारून घे आणि लिही. समितीनं खोडली तरी तुझ्या कागदावर राहतील.

कागदावर राहण्याचं महत्त्व तुला पटत नसेल तर नोबेलचं बघ. शिफारशी पन्नास वर्षं बंद असतात, मग उघडतात. मेघनाद साहांचं नाव १९३० पासून १९५५ पर्यंत वेगवेगळ्या लोकांनी पुन्हापुन्हा पाठवलं होतं, हे आपल्याला कळलं ते त्या कपाटांमुळं. पुरस्कार मिळाला नाही. पण आपल्या माणसाला कुणी मोठं मानलं होतं, कोणत्या शब्दांत मानलं होतं, ते आज वाचता येतं. तुझी शिफारस फेटाळली गेली तरी ती पूर्ण, नीट, पुराव्यांसह लिहिलेली असू दे.

एक गोष्ट मात्र तुझ्यापासून लपवत नाही. मला खात्री वाटेनाशी झाली आहे. आपल्या वाडीतले गोठे एकामागून एक रिकामे होताहेत. जनावरं सांभाळायला माणूस नाही, पोरं गोव्याला नाही तर मुंबईला. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर २०१६ नंतर घरोघर आला, बायकांच्या डोळ्यांना आराम पडला, मी त्याचं स्वागतच केलं. पण सिलिंडर महागला की काय होतं ते मी शेजारी बघते. सिलिंडर पाहुण्यांसाठी राखून ठेवतात आणि रोजचा भात पुन्हा चुलीवर. इकडं टाकीत घालायला शेण नाही म्हणून ती कोरडी. घुमटाची डागडुजी करायला मिस्त्री शोधायला जावं तर त्यांचा मुलगा म्हातारपणी बापानं टाकीत उतरू नये म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, बंद टाकीत उतरणं जिवावर बेततं. मग ही विद्या पुढं कुणाकडं जाणार? आज तुम्ही जीवनगौरव द्याल आणि दहा वर्षांनी ती ज्योत बघायला माणसाला संग्रहालयात जावं लागेल, असं होऊ नये. तुझ्या संस्थेत एवढी हुशार पोरं आहेत. एका गाईवर, बोंडांवर, हॉटेलांच्या उरल्यासुरल्यावर चालेल अशी आपल्या पावसाला टिकणारी लहान टाकी त्यांतल्या कुणाला तरी करायला लाव. मालवणला पर्यटक वाढलेत, किनाऱ्यावरच्या खानावळींत मासळीची खवलं-आतडी आणि भात रोज फेकला जातो. सगळं एके ठिकाणी जमवलं तर काय होईल याचा हिशेब तूच करून बघ, तुझं गणित माझ्यापेक्षा बरं आहे.

आणि हे तुझ्या आवशीला सांगू नकोस की मी लिहिलं. स्वयंपाक गॅसवर असला तरी न्हाणीची चूल तिनं अजून सोडलेली नाही. पहाटे पाणी तापवायला बसते, नारळाच्या झावळ्या नि सोडणं घालते, आणि सगळा धूर त्या खिडकी नसलेल्या न्हाणीत. तिचा खोकला या पावसाळ्यात उतरलाच नाही. मी म्हटलं तर म्हणते, ऋतूचा आहे. तो ऋतूचा नाही, मी ऐकलाय तो आवाज. तुझं ती ऐकते. दिवाळीला येशील तेव्हा सगळ्यात आधी तिला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, छातीची फुंकून करायची तपासणी असते ती करून घे, आणि रिपोर्ट मला दाखव.

अर्जाची शेवटची तारीख कोणती ते लगेच कळव. मसुदा पुन्हा लिहून धाड, मी शुद्धलेखन बघून देते.

तुझी,
मावशी

ता. क. झारापला जाशील तेव्हा गोठ्यात जायचे जोडे घाल. गेल्या वेळेसारखी पांढरी चप्पल घालून येऊ नकोस.